लेथवर तिचा नंबर

ही हकीकत मी बरीच वर्षं टाळली. टाळण्यासाठी खोटं बोलावं लागलं नाही. हिच्याच शेजारी दुसरी एक हकीकत होती, तीही खरी, आणि ऐकणाऱ्याला आवडणारी. कुणी विचारलं की मी ती सांगायचो. अंबरनाथजवळच्या एका लहान प्रशिक्षण केंद्रात मी टर्नरच्या मुलांना शिकवत होतो, मुलांना नोकऱ्या लागत नव्हत्या, मग आम्ही त्यांना उल्हासनगरच्या कॅम्पातल्या वर्कशॉपमध्ये पाठवायला लागलो, आणि त्यांना नोकऱ्या लागल्या. माझ्या निरोपसमारंभात तीच सांगितली गेली. जिच्या जिवावर ते सगळं जमलं तिचा उल्लेख त्या दिवशी कुणी केला नाही. मीही नाही.

ते केंद्र एका ट्रस्टचं होतं, आता बंद पडलं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी कारखान्यातली नोकरी सोडून तिथे शिकवायला आलो होतो. लेथ म्हणजे लोखंडाचा तुकडा गरागरा फिरवायचा आणि धारदार हत्यार त्याला लावून हवा तो आकार कापायचा, असं यंत्र. मला ते वीस वर्षांहून जास्त चालवून माहीत होतं. शिकवायला लागल्यावर मात्र लक्षात आलं की मी ते कसं शिकलो हे मला माहीत नाही. दोन मुलांना एकच गोष्ट, त्याच शब्दांत, त्याच यंत्रावर सांगितली तरी एकाला ती येते आणि दुसऱ्याला येत नाही. का? एक मुलगा कापताना मान तिरकी करून उभा राहायचा. मी विचारलं, "मान का वाकडी?" तो म्हणाला, "सर, आवाज बदलला की समजतं हत्याराची धार गेली." हे मी त्याला शिकवलं नव्हतं. मग मी सगळ्यांना मान तिरकी करून उभं केलं. काही उपयोग झाला नाही, पण आठवडाभर वर्गात हसं झालं.

त्या काळात अंबरनाथ, बदलापूरकडे कारखाने वाढत होते. सभांमधून एकच बोललं जायचं, की राज्याला कुशल माणसं हवीत आणि ती मिळत नाहीत. आणि आमची पास झालेली मुलं स्टेशनबाहेरच्या टपरीवर बसलेली असायची. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, याचं मला फार कुतूहल होतं. मी सायकल काढून कारखान्यांच्या गेटवर जायला लागलो. एका अधिकाऱ्याने सरळ सांगितलं, "तुमचा मुलगा काम सुंदर करतो हो. पण सकाळी दिलेलं संध्याकाळी देतो. तोवर माझी मशीन बंद."

अशाच फिरण्यात उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधलं एक वर्कशॉप सापडलं. गल्लीत जीन्स शिवणाऱ्यांच्या मशीनचा खडखडाट, आणि त्यांच्यातच हे लोखंडाचं दुकान. शिवणमशीन, प्रेस, काय वाटेल ते मोडलं की त्याचा पार्ट इथे बनायचा. मालक सिंधी होता, माझ्याच वयाचा, बनियनवर बसायचा. मी आमच्या मुलांनी केलेले नमुने त्याला दाखवले. त्याने एक बोटांत फिरवला, अंगठ्याने चोळला.

"मास्तर, क्या घिसते हैं आपके लड़के. इनको मंदिर में चंदन घिसने बिठाओ. भगवान भी खुश, आप भी खुश."

मला राग आला नाही, उलट मी तिथेच स्टुलावर बसलो. बघत राहिलो. त्याच्याकडे कुणी कुणाला शिकवत नव्हतं. नवा कारागीर जुन्या कारागिराच्या शेजारी उभा राहायचा, हत्यार हातात द्यायचा, तुकडा धरायचा, आणि काही महिन्यांत आपोआप मशीनवर दिसायचा. मी विचारलं, "इसको सिखाया किसने?"

"किसीने नहीं. खड़ा रहता था ना बाजू में."

घरी परतताना मला मोठा शोध लागल्यासारखं वाटत होतं. माणूस बघून बघून शिकतो. नुसतं शेजारी उभं करायचं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गटागटाने कॅम्पात पाठवायचं मी ठरवलं. मालक कुरकुरला, मग म्हणाला, "भेजो. लेकिन चाय अपनी पीएंगे."

आता त्या मुलीकडे येतो.

तिचे वडील एका केमिकल कंपनीत कामगार होते. बौद्ध कुटुंब, राहायला कॅम्प पाचमध्ये. प्रवेशाच्या दिवशी त्यांनी हात जोडून "जयभीम" म्हटलं, मग माझ्याकडे बघून "नमस्कार" असं जोडलं. मी मुलीला शिवणकामाचा वर्ग सुचवला, तो आमच्याकडे होता. ते म्हणाले, "सर, शिवण तिची आई शिकवेल. तुम्ही तिला मशीनवर उभं करा." ती शेजारी उभी होती. मी तिला विचारलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "लोखंड कापलं जाताना मी पाहिलंय, सर. कांद्याच्या सालीसारखं निघतं. ते मला करायचंय." टर्नरच्या वर्गात आलेली आमची ती पहिली मुलगी.

पहिल्या वर्षी तिने इतरांसारखंच सगळं केलं. यंत्रं कमी, मुलं जास्त, म्हणून लेथवर आळीपाळीने नंबर लागायचा. तिचाही लागायचा. तिचा हात चांगला नव्हता, वाईटही नव्हता. सुरुवातीला असतो तसा होता.

आमच्याकडे हत्यारांसाठी एक जाळीची खोली होती, तिला सगळे टूल क्रिब म्हणायचे. प्रत्येक मुलाकडे स्वतःच्या नंबराचे पितळी बिल्ले असत. खिडकीत बिल्ला द्यायचा, हत्यार घ्यायचं. आत बसलेला त्या हत्याराच्या खिळ्याला बिल्ला अडकवायचा. हत्यार परत आलं की बिल्ला परत. आत बसायचं काम आठवड्याने बदलायचं. ते सगळ्यांना नकोसं असायचं, आणि हत्यारं गायब व्हायची. एखादा मायक्रोमीटर गेला की जाब मला द्यावा लागायचा.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तिचा आठवडा आला. त्या आठवड्यात काहीच हरवलं नाही. बोथट ड्रिल कुणी गुपचूप परत देऊ लागलं तर ती घ्यायची नाही. म्हणायची, "धार लावून आण, मग बिल्ला देते." मुलं तिला चिडवायची. एकजण खिडकीत हात जोडून उभा राहायचा, "मॅनेजरबाई, आमचं कर्ज मंजूर करा." ती म्हणायची, "जुनं फेडलं नाहीस, निघ." मी हे बाहेरून ऐकायचो आणि मला बरं वाटायचं.

मी तिला आणखी एक आठवडा बसवलं. मग आणखी एक. त्याच सुमाराला कॅम्पात मुलं पाठवणं सुरू झालं. मी त्यांच्याबरोबर जायचो, म्हणजे मागे केंद्र सांभाळायला भरवशाचं कुणीतरी हवं होतं. ती होती. तिला कॅम्पात पाठवायचंही माझ्या मनात होतं, असं मी स्वतःला सांगत असे. मालकाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "लड़की मत भेजो मास्तर. इधर बाथरूम भी नहीं है, सब लोग नाके पे जाते हैं." मी मान हलवली. त्यावर काही उपाय निघतो का, हे मी पाहिलं नाही. बाकी प्रत्येक गोष्टीवर मी उपाय शोधत होतो.

ती अधूनमधून विचारायची. "सर, माझा नंबर?"

"पुढच्या आठवड्यात. आत्ता ती मुलं परत आलीयत, त्यांना मशीन लागेल."

"बरं सर."

एकदा तिने जरा वेगळं विचारलं, स्क्रूवर पिळाचे आटे कापतात त्याबद्दल. "सर, आटे पाडायचं मी अजून केलं नाही. पुस्तकात वाचलंय."

मी म्हणालो, "खिडकीतून सगळं दिसतं ना? बघत राहा. बघून बघूनच येतं. कॅम्पात सगळे तसेच शिकतात." मी हे टाळाटाळ म्हणून बोललो नाही, हे लिहायला हवं. माझा त्यावर विश्वास होता. नवी कल्पना सापडलेल्या माणसाचा असतो तसा.

ती बौद्ध म्हणून मी तिला आत बसवलं का, असं पुढे मी स्वतःला विचारलं आहे. नाही, असं उत्तर लगेच येतं. इतकं लगेच येतं की मला ते पुरतं पटत नाही. ती मुलगी म्हणून बसवलं, हे नक्की. तिच्या जागी एखाद्या मुलाने महिनोन् महिने खिडकीत बसून घेतलं असतं का, आणि मी त्याला बसवलं असतं का?

वर्षअखेर ट्रस्टची मंडळी केंद्र बघायला आली. मुलांचा हात जलद झाला होता, दोघातिघांना कंपन्यांनी आधीच बोलावलं होतं. पाहुण्यांना सगळ्यांत आवडली ती टूल क्रिब. प्रत्येक हत्यार जागच्या जागी. एकाने मला म्हटलं, "ही मुलगी म्हणजे तुमचा उजवा हात." ती आत उभी राहून हसली.

मग परीक्षा झाली. बाहेरून परीक्षक आले होते, वयस्कर, कमी बोलणारे गृहस्थ. तिला जो तुकडा आला त्याच्यावर आटे पाडायचे होते. आटे एका खेपेत पडत नाहीत. हत्यार पुन्हा पुन्हा त्याच वाटेने न्यावं लागतं, आणि दर खेपेला यंत्रावरच्या फिरत्या तबकडीची खूण जुळली की त्याच क्षणी एक दांडा खाली दाबायचा असतो. जरा चुकलं की पहिल्या आट्यांवर दुसरे आटे कापले जातात आणि तुकडा फुकट. तिने हत्यार नीट बांधलं. पहिली खेप सरळ गेली. दुसऱ्या खेपेला तिने दांड्यावर हात ठेवला आणि थांबली. फिरणाऱ्या खुणेकडे बघत राहिली. खूण आली आणि गेली, पुन्हा आली आणि गेली. मग तिने दांडा दाबला. आट्यांवर आटे कापले गेले ते मला पाच पावलांवरून ऐकू आलं.

परीक्षकांनी तुकडा हातात घेतला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिचा हात अगदी नवखा वाटतो. मशीनवर पुरेसा वेळ मिळाला होता ना हिला? कमी पडला असेल तर तसं सांगा. मी तसा शेरा मारतो, हिची परीक्षा पुढे ढकलता येईल, तेवढ्यात तिचा सराव करून घ्या."

ती लेथपाशी उभी होती, कापडाने हात पुसत. वेळ कमी मिळाला असं सांगितलं असतं तर 'का' असा पुढचा प्रश्न आला असता. पाहुण्यांनी वाखाणलेली टूल क्रिब, कॅम्पाची योजना, सगळं त्या 'का'मध्ये आलं असतं.

मी म्हणालो, "सगळ्यांना सारखाच वेळ मिळतो, साहेब."

"मग राहिलं," ते म्हणाले, आणि तुकडा ठेवून पुढच्या यंत्राकडे वळले.

ती नापास झाल्याचा निकाल लागला आणि तिचे वडील आले. कामावरून सरळ आले होते, कपड्यांना कंपनीचा वास होता. "सर, काय कमी पडलं तिचं? आम्हाला सांगा, घरी काही सांगत नाही."

मी म्हणालो, "तिची चूक नाही हो. हे काम मुलींच्या हाताला जड जातं. एखाद्याचा हात बसतो, एखाद्याचा नाही."

त्यांनी डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता म्हणजे असेल." मला वाटलं, ते माझ्यावर चिडतील. ते माझ्यावर विश्वास ठेवून निघून गेले.

ती परत परीक्षेला बसली नाही. बिल्ले परत करायला आली तेव्हा मी म्हटलं, "पुन्हा बस की." ती म्हणाली, "नको सर. हात नाही माझा. बघून तर सगळं पाठ झालं होतं." पुढच्या वर्षी तिचं लग्न झाल्याचं कळलं.

ती गेल्यावर एकदा सगळी मुलं कॅम्पात असताना मी टूल क्रिबमध्ये गेलो आणि तिच्या स्टुलावर बसलो. तिने काय बघितलं असेल, हे मला बघायचं होतं. खिडकीतून लेथ दिसत होते. पण ते दिसत होते पाठीमागून. यंत्रापुढे कुणी उभा राहिला की त्याचा सदरा दिसणार, आणि कोपर हललं तर कोपर. हत्यार दिसत नव्हतं, फिरता तुकडा दिसत नव्हता, तो दांडा तर नाहीच. नुसत्या पाठी. मी मान उंचावून पाहिलं, उभं राहून पाहिलं. इतके महिने मी तिला सांगत होतो, बघत राहा.

कॅम्पातल्या मालकालाही मी नंतर एकदा विचारलं, की त्याचे कारागीर खरंच नुसतं उभे राहून शिकतात का. तो हसला. "मास्तर, आप दोपहर को चले जाते थे. खाने की छुट्टी में मशीन खाली रहती है ना? तब सब हाथ मारते हैं. मैं देखता नहीं, ऐसा दिखाता हूं." म्हणजे माझा शोधही अर्धाच होता. त्याच्याकडे रिकाम्या मशीनवर हात मारायची सवड होती. आमच्याकडे यंत्र रिकामं झालं की पुढचा मुलगा उभा असायचा आणि ती जाळीच्या आत.

पुढच्या प्रवेशाच्या वेळी एक गृहस्थ मुलीला घेऊन आले आणि शिवणकामाचा वर्ग मागितला. मी सहज म्हटलं, टर्नरला का नाही घालत? ते म्हणाले, "मुलींचा हात बसत नाही म्हणे त्यात. तुम्हीच सांगितलं होतंत ना, आमच्या शेजाऱ्यांना." त्यानंतर मी तिथे असेपर्यंत टर्नरच्या वर्गात एकही मुलगी आली नाही. सभांमध्ये मी तेव्हाही बोलत असे, की कुशल माणसं कमी पडतायत.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, मी निवृत्त झाल्यावर, तिचे वडील मला रिक्षा स्टँडवर भेटले. पुष्कळ थकले होते. म्हणाले, "मुलगी बदलापूरला असते, शिरगावात. तुमची आठवण काढते, सर. जाऊन या एकदा." मी जागा विचारून घेतली. सांगायचं ते मनात जुळवायला मला बरेच दिवस लागले. मग एका रविवारी गेलो.

नव्या इमारतीत तळमजल्यावरची खोली. दारातच जीन्सचे गठ्ठे होते; कॅम्पातून माल यायचा, शिवणीवर लोंबणारे धागे कापून परत द्यायचा. ती आणि तिची मुलगी कात्री घेऊन बसल्या होत्या. मला बघून ती उठली, पदराला हात पुसले.

"सर! या, या. अगं, खुर्ची दे. हे माझे सर."

मुलगी सातवीत होती. तिने खुर्ची दिली आणि समोरच बसून मला न्याहाळायला लागली. "आजोबा, आई लेथ चालवायची ना? लेथ म्हणजे काय असतं?"

मी तिच्या कंपासमधून पेन्सिल मागितली, शार्पनर मागितलं. "हे बघ, आपण काय करतो? शार्पनर धरतो आणि पेन्सिल फिरवतो. पातं हलत नाही, लाकूड फिरतं. तसंच. फक्त लाकडाऐवजी लोखंड."

तिने पेन्सिल फिरवून पाहिली, निघालेली साल उचलून बघितली. "लोखंडाची पण अशीच निघते?"

"अशीच."

"मग अवघड काय त्यात?"

"हाताला असावं लागतं ते," आतून चहा टाकता टाकता तिची आई म्हणाली. "माझ्या नव्हतं. सरांना विचार. सरांनी केवढं सांभाळून घेतलं मला, सगळ्या हत्यारांची किल्ली माझ्याकडे होती." मग ती चहा घेऊन बाहेर आली आणि जरा हळू म्हणाली, "सर, ही आठवीपासून टेक्निकल घेते म्हणते. मला वाटतं, नको. आमच्यात नाही तो हात. उगाच तिचं वर्ष जायचं. तुम्ही सांगा, तुम्ही सांगाल तसं करू."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. याहून चांगली संधी कुणाला मिळत नाही. मी म्हणालो, "घाल तिला. हात बसतो. मशीनवर उभं राहायला मिळालं की बसतो."

"सगळ्यांचा?" मुलीने विचारलं.

"सगळ्यांचा."

"माझा सोडून," तिची आई म्हणाली आणि मोकळेपणाने हसली. मग मलाच धीर दिल्यासारखं, "जाऊ द्या सर, तुम्ही म्हणताय तर घालते."

मी चहा प्यायलो. तिच्या नवऱ्याच्या नोकरीचं विचारलं, पाण्याचं विचारलं, इमारत कधी झाली ते विचारलं. ती मला रिक्षापर्यंत सोडायला आली. रिक्षा भरायला दोन माणसं कमी होती, म्हणून आम्ही तिथे उभे राहिलो. पुढच्या वेळी गेलो तेव्हा ते कुटुंब तिथून हललं होतं आणि वडील राहिले नव्हते. पण हे नंतरचं. त्या दिवशी ती माझ्या शेजारी उभी होती आणि रिक्षावाला कुणाची तरी वाट बघत होता. जुळवलेलं सगळं मला पाठ होतं: तुझा हात होता, मी तुला नंबर दिला नाही; तुला वेळ मिळाला होता असं मी परीक्षकांना खोटं सांगितलं; तुझ्या वडिलांना सांगितलं तेही खोटं; माझं चुकलं, मला माफ कर.

रिक्षात एक माणूस येऊन बसला. ती म्हणाली, "सर, काही म्हणत होतात का?"

मी म्हणालो, "नाही. चहा छान झाला होता."

"येत जा सर," ती म्हणाली.